वसंत आला की सतरा प्लॅन, आणि मग?

पत्र थोडं छोटं करून देतेय:

"ताई, दरवर्षी सेम स्टोरी. थंडी ओसरली, संध्याकाळी जरा जास्त वेळ उजेड राहायला लागला की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. यंदाची यादी अकरा गोष्टींची झालीय. पहाटे पाचला उठून रोज पळणं, सगळी कपाटं आवरणं, खिडकीत कुंड्या, स्पॅनिशचा अर्धवट सोडलेला कोर्स, दातांचं काम, भिंतीवर फोटो लावणं, एका जुन्या मैत्रिणीशी परत बोलणं सुरू करणं, नोकरी बदलणं, मोबाईल कमी, रोज झोपताना वाचन आणि सायकल दुरुस्त करून घेणं. नवऱ्याला उत्साहाने वाचून दाखवली तर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, 'आलं का तुझं सीझनल?' मी हसले पण लागलं, कारण तो खोटं बोलत नाहीये. मागच्या वर्षी घेतलेले पळायचे बूट अजून कोरे आहेत. वय 37, फुल टाइम नोकरी, मुलगा नऊ वर्षांचा. सोमवारी सकाळी पोटात गोळा येतो तो वेगळाच. यादी फाडून टाकू का? आणि उन्हाळा लागला की सगळं सुकतं त्याचं काय करू? - दर वसंतातली उत्साही"

अगं उत्साही,

फाडू नकोस. पण जशी आहे तशी चालूही करू नकोस, कारण मला ती यादी वाचून दम लागला आणि मी तर नुसती बसून वाचत होते.

आधी तुझ्या 'संचारण्या'बद्दल बोलू, म्हणजे तू स्वतःला वेडी समजणं बंद करशील. 20 मार्चच्या आसपास विषुवदिन येतो (दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांचा वसंतातला विषुवदिन 22-23 सप्टेंबरला) आणि त्या सुमाराला दिवस वाढण्याचा वेग वर्षातला सगळ्यात जास्त असतो. विषुववृत्ताजवळ हे कळतही नाही, 20 अंश अक्षांशावर दिवस रोज साधारण मिनिटभराने वाढतो, 50 अंशांवर मात्र रोज जवळपास चार मिनिटांनी, म्हणजे आठवड्यात अर्धा तास उजेड जास्त! आणि आपल्या मेंदूतलं घड्याळ उजेडावरच चालतं, सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते थोडं पुढे सरकतं, जाग लवकर येते, बाहेर पडावंसं वाटतं. त्यात कपड्यांचे थर कमी झालेले, खिडक्या उघडलेल्या. वाटणारच ना काहीतरी करावंसं.

दुसरं म्हणजे आपल्याला नवीन सुरुवातीचा दिवस फार आवडतो. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघा संशोधकांनी 2014 मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं, त्यात दिसलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक जिमला जास्त जातात, वाढदिवसानंतरही जातात (एकविसावा सोडून, अमेरिकेत दारू प्यायची कायदेशीर परवानगी त्याच दिवशी मिळते, पुढचं तूच ओळख). आणि तुझ्यासाठी खास म्हणजे त्यांचा अजून एक प्रयोग आहे ज्यात लोकांना विचारलं की तुमच्या ध्येयाची आठवण तुम्हाला कधी करून देऊ, आणि तारखांमध्ये 20 मार्च होता. काहींना तो 'मार्चमधला तिसरा गुरुवार' म्हणून दाखवला आणि काहींना 'वसंताचा पहिला दिवस' म्हणून. दिवस तोच, पण वसंत म्हटल्यावर तो निवडणारे कितीतरी जास्त निघाले. तेव्हा तुला जे होतं ते जगातल्या पुष्कळ लोकांना होतं, तुझा नवरा ज्याला सीझनल म्हणतो ते खरंच सीझनल आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात घे. या सगळ्यातून सुरुवात मिळते. पुढचं मिळत नाही.

आता यादी. मी तुझी यादी समोर ठेवून पेन्सिलने दोन खुणा केल्या, एक खूण 'एकदा केलं की संपलं' वाल्यांना आणि दुसरी 'रोज करत बसायचं' वाल्यांना. दात, फोटो, सायकल, कपाटं, मैत्रीण (निदान पहिला मेसेज तरी) या पहिल्या गटात. पळणं, स्पॅनिश, वाचन, मोबाईल, कुंड्या या दुसऱ्या गटात. हो, कुंड्या पण! कुंड्या लावणं एक दिवसाचं, पाणी घालणं रोजचं, हे विसरून जी रोपं मरतात त्यांची गणती नाही. नोकरी कुठल्याच गटात बसली नाही, तिच्याकडे येते नंतर.

माझं म्हणणं एवढंच आहे की वसंतातला जोर पहिल्या गटावर उधळून टाक, अगदी हात सैल सोडून. त्या कामांना एकदाच धक्का लागतो आणि तो आत्ता तुझ्याकडे आहे. दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट हे पत्र वाचून झाल्यावर घे, उद्या नाही. सायकल शनिवारी दुरुस्तीला टाक. फोटोंचं म्हणशील तर कुठले लावायचे यावर दोन महिने जातात, त्यामुळे एका संध्याकाळी जे हाताला लागतील ते पाच निवड आणि लाव, नाही आवडले तर बदलता येतात. कपाटांचं मात्र 'सगळी' हा शब्द काढून टाक. सगळे कपडे एकदम पलंगावर काढायचे आणि रात्री अकराला झोपायला जागा नाही म्हणून परत कोंबायचे, हा कार्यक्रम बहुतेक घरांत होऊन गेलेला आहे. एका वेळी एक कप्पा, आणि जे द्यायचं ठरलं ती पिशवी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे, दाराशी ठेवलेली पिशवी आठवड्यात परत कपाटात जाते हे मी कुठल्याही संशोधनाशिवाय सांगते.

दुसऱ्या गटात तुझी गडबड होते. मार्चमधल्या एका प्रसन्न संध्याकाळी बसून तू ठरवतेस की मी रोज पाचला उठेन. ठरवणारी बाई वेगळी आणि उठणारी बाई वेगळी. उठणारीने आदल्या रात्री मुलाचा प्रोजेक्ट करून दिलाय, बाराला झोपलीय, आणि तिला तुझ्या यादीशी काही देणंघेणं नाही. माणसं स्वतःच्या कामाचा अंदाज असाच चुकवतात, याला नाव सुद्धा आहे, डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दिलेलं 'प्लॅनिंग फॅलसी'. 1994 मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की किती दिवसांत संपेल, सरासरी उत्तर आलं 34 दिवस, प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. आणि गंमत पुढे आहे, त्यांना असंही विचारलं होतं की सगळं वाईटात वाईट झालं तर किती लागतील, तर ते म्हणाले 49 च्या आसपास. म्हणजे मुद्दाम वाईट विचार करूनही आपण पुरेसा वाईट विचार करत नाही, हे वाचल्यापासून माझा स्वतःच्या कुठल्याही टाइमटेबलवर विश्वास राहिलेला नाही.

आणि ते 21 दिवसांत सवय लागते वालं डोक्यातून काढ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांच्या साध्या साध्या सवयी पाहिल्या, एखादी गोष्ट आपोआप व्हायला सरासरी 66 दिवस लागतील असं निघालं, पण कोणाला 18 आणि कोणाला हिशेबाने 254. आता 20 मार्चपासून मोज, 66 दिवस म्हणजे 25 मे. 254 म्हणजे नोव्हेंबर संपत आला! आणि तुझा उत्साह उन्हाळा लागला की जातो असं तूच लिहिलंयस. म्हणजे सवय पक्की व्हायच्या बरीच आधी पेट्रोल संपतं, दरवर्षी, आणि तू म्हणतेस माझ्यातच खोट आहे. खोट हिशेबात आहे गं.

त्यामुळे दुसऱ्या गटातून एक निवड. एकच. मला माहितीय तू म्हणशील 'ताई दोन तरी', नाही, एक. आणि ती इतकी छोटी कर की ती तुझ्या वर्षातल्या सगळ्यात रद्दी दिवशी सुद्धा होईल. मी तुझ्या जागी असते तर चालणं निवडलं असतं, हो चालणं, पळणं नाही, आणि पहाटे पाच तर अजिबात नाही. झोप कापून व्यायाम केलास तर दहा दिवसांत झोप स्वतःचं परत घेते. मुलाला शाळेत सोडतं ना तुमच्यापैकी कोणीतरी? मग ज्या दिवशी सोडायची पाळी तुझी, त्या दिवशी परत घरी न येता तिथूनच वीस मिनिटं चालायचं. हे असं 'अमुक झालं की तमुक करायचं' म्हणून ठरवणं नुसतं 'रोज व्यायाम करीन' म्हणण्यापेक्षा जास्त टिकतं, पीटर गॉलवित्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच दाखवतायत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, त्यात भराभर चालणं धरतात आणि 2020 च्या सूचनांमध्ये दहा मिनिटांचे तुकडे असलेच पाहिजेत ही जुनी अट सुद्धा काढून टाकली, तुकडा कितीही छोटा चालतो.

पळायचंच असेल तर महिनाभर चालून झाल्यावर, एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं. दम लवकर सुधारतो पण पोटऱ्या, घोटे, नडगीचं हाड यांना जास्त वेळ लागतो, हिवाळाभर खुर्चीत बसलेलं शरीर पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटर पळवलं की तिसऱ्या आठवड्यात नडगी ठणकते आणि मग झालं, बूट परत खोक्यात. आणि बाहेर पडल्यावर रोज शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं असं होत असेल आणि ताप नसेल तर ती सर्दी नसून झाडांच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असू शकते, वसंतात फार लोकांना होते, डॉक्टरला विचार, उगाच 'मला बाहेरची हवा मानवत नाही' म्हणून घरात बसू नकोस.

अजून एक जरा गंभीर बोलते, तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. उत्साह असा असेल की दोन-तीन तास झोपून पण थकवा नाही, डोक्यात विचार धावतायत, बोलणं थांबत नाही, पैसे भराभर खर्च होतायत, घरचे घाबरलेत, तर तो ऋतूचा आनंद म्हणून सोडून देऊ नका. काही लोकांमध्ये अशी लाट वसंताच्या सुमारालाच येते आणि तिच्यावर उपचार आहेत. आणि उलट, सगळ्यांना छान वाटतंय आणि तुम्हालाच अंधारून येतंय असं असेल तरी डॉक्टरकडे जा, 'हवा तर चांगली आहे मग मला काय झालंय' हा प्रश्न स्वतःला विचारत बसू नका.

स्पॅनिश, वाचन आणि मोबाईल या तिघांना एका कागदावर लिहून त्यावर जूनची तारीख टाक. रद्द केलेलं नाही, रांगेत उभं केलंय. चालणं जूनपर्यंत टिकलं तर पुढचा नंबर लाव. कुंड्या दोनच आण, आणि तू राहतेस तिथे अजून रात्रीची थंडी परत येत असेल तर नाजूक रोपं लगेच बाहेर ठेवू नकोस, एका कडाक्याच्या रात्रीत जातात. आणि बोट मातीत खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नकोस, नव्या हौशी लोकांची रोपं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात.

आता नोकरी.

तू ती आठव्या नंबरला लिहिलीस, मैत्रीण आणि मोबाईलच्या मध्ये, जशी काही सायकलच्या शेजारची गोष्ट. आणि पोटातल्या गोळ्याचं एक वाक्य पत्राच्या शेवटी, 'तो वेगळाच' म्हणून. मला नाही वाटत तो वेगळा आहे. मला तर असं वाटतं, चूक असेल तर सांग, की उरलेल्या दहा गोष्टी तू या एकीकडे बघायला लागू नये म्हणून जमवतेस. कपाटं आवरणं सोपं आहे, कपाट उलट उत्तर देत नाही. नोकरीचा विचार करायचा म्हणजे वय, पैसा, आत्मविश्वास, नवऱ्याशी बोलणं, सगळंच काढावं लागतं.

तर नोकरी यादीतून बाहेर काढ आणि तिला स्वतःची वही दे. आत्ता ठरवायचं काहीच नाही, राजीनामा तर अजिबात नाही, वसंताच्या भरात राजीनामा देऊन उन्हाळ्यात घरचा हप्ता भरताना कपाळाला हात लावणारे आहेत. चार आठवडे फक्त लिही, रोज दोन ओळी: आज कशाने जीव नकोसा झाला आणि आज काय बरं वाटलं. गोळा कामामुळे येतो, की माणसामुळे, की जाण्यायेण्याच्या तासांमुळे, की तेच तेच करून कंटाळल्यामुळे, हे वेगवेगळं आहे आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. माणसामुळे असेल तर कदाचित त्याच ठिकाणी दुसऱ्या टीममध्ये जाऊन सुटेल. प्रवासामुळे असेल तर आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून बघता येईल. कामच नको असेल तर मग खरंच शोधायला लाग.

आणि या चार आठवड्यांत एकदाच करायची दोन कामं, जी वसंताच्या जोरात होतील: बायोडेटा अपडेट कर (शेवटी कधी उघडला होतास ते मला सांगू नकोस) आणि तुझ्या क्षेत्रातल्या दोन ओळखीच्या लोकांशी निवांत बोल, नोकरी द्या म्हणून नाही, तिकडे काय चाललंय एवढं विचारायला. तुझा नोटीस पीरियड किती आहे तेही करारात बघून ठेव. चार आठवड्यांनंतर वही वाचलीस की तुला माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही असं मला वाटतं.

नवऱ्याचं बोलू. त्याने मान वर करून बोलायला हवं होतं, हे पहिलं. तू लागलं असं मला लिहिलंस, त्याला सांगितलंस का? सांग, भांडणाच्या सुरात नको पण सांग, 'तू म्हणालास ते खरं असेल पण मला लागलं'. नऊ-दहा वर्षं तरी संसार झालेल्या माणसाला एवढं ऐकता येतं. पण त्याला खोटं पाडण्यासाठी म्हणून यंदा जोर लावू नकोस प्लीज, कारण मग ज्या दिवशी चालणं बुडेल त्या दिवशी तू चालण्यावर न रागावता त्याच्यावर रागावशील. यादी परत वाचूनही दाखवू नकोस. यादी वाचली की तो प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षक काय करणार, शेरे मारणार. त्यापेक्षा एक ठोस काम माग: मंगळवार आणि गुरुवार मुलाचं सकाळचं सगळं तू बघ, मी त्या वेळात बाहेर जाणार. किती वाजता, काय काय, डबा कोण भरणार, सगळं बोलून घ्या. 'मला सपोर्ट कर' असं म्हटलं तर तो हो म्हणेल आणि काहीच होणार नाही, कारण सपोर्ट म्हणजे नक्की काय उचलायचं हे त्याला कळलेलं नसतं.

मैत्रिणीचं राहिलं. मधली वर्षं गेली, का बोलणं तुटलं ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. एकदम फोन केलास तर ती दचकेल, आधी दोन ओळींचा मेसेज टाक, तुझी आठवण आली, बोलायला आवडेल, घाई नाही. स्पष्टीकरण त्यात घालू नकोस, लांबलचक मेसेजला उत्तर द्यायचं म्हणजे ओझं होतं आणि ती 'नंतर निवांत लिहू' म्हणून ठेवून देईल. उत्तर नाही आलं तर महिन्याने एकदा परत, त्यानंतर सोडून दे.

आणि उन्हाळ्यात सुकतं त्याचं काय, हा तुझा शेवटचा प्रश्न. सुकणार आहे, हे धरूनच चाल. ऊन वाढलं की चालण्याची वेळ संध्याकाळी ने, हे आत्ताच ठरवून ठेव, तेव्हा ठरवायला बसलीस तर नाही जमणार. लॅलीच्या त्याच अभ्यासात हेही दिसलं होतं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात काही मोठा फरक पडत नाही. आपल्याला मारतो तो दुसरा विचार, 'आता बुडलंच आहे तर सोमवारपासून', आणि सोमवार येतो तेव्हा पोटात गोळा असतो. मूल आजारी पडेल, पाहुणे येतील, तुझा मूड जाईल, चार दिवस जातील. पाचव्या दिवशी भरपाई म्हणून तासभर चालायचं नाही, पाच मिनिटं चालून परत यायचं, बस. आणि वारानेच सुरू करायचं असेल तर बुधवारने कर.

- ताई